जून ते मे

जून महिन्यात माझ्याकडे रिमोट येतात आणि मे महिन्यात जातात. मधल्या काळातही काम थांबत नाही, पण वहीत आवक-जावक मांडली की वर्षाची ही दोन टोकं ठळक दिसतात. दहावीचा निकाल लागतो, अकरावीला नाव घातलं जातं, लातूरच्या ट्यूशन एरियात नाहीतर नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगर भागात क्लासची फी भरली जाते, आणि घरातलं प्लेस्टेशन आधी कपाटावर जातं, मग पंधरा दिवसांनी विकायला निघतं. दोन वर्षांनी मे महिन्यात नीटचा पेपर होतो. त्या संध्याकाळपासूनच फोन सुरू होतात. "काका, पीएस फोरचा रिमोट आहे का? ओरिजनलच पाहिजे."

आमच्याकडे गेमच्या कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. पार्लरमध्ये तासावर खेळणारी पोरं कधी जॉयस्टिक म्हणतात, कधी कंट्रोलर. पण विकायला आलेला बाप रिमोट म्हणतो, म्हणून मीही तोच शब्द धरला.

मी नांदेडला एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो. आई-वडील लातूरला. दर दुसऱ्या शनिवारी एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं आणि रविवारी रात्री परतायचं, हा माझा जुना शिरस्ता. २०१९ पासून या प्रवासात माझ्या पिशवीत रिमोट असतात. बिघडलेले विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे, धुऊन-पुसून परत विकायचे. पोट यावर नाही. तरी पतसंस्थेतून घरी आल्यावर जेवणाआधीचा एक तास मी या टेबलाशी बसतो आणि तो तास गेला तर मला दिवसभर काही केल्यासारखं वाटत नाही.

सुरुवात पुतण्यामुळे झाली. त्याच्या ड्युअलशॉक फोरला, म्हणजे पीएस फोरच्या रिमोटला, एक खोड लागली होती. फुटबॉलच्या खेळात त्यानं हात लावला नाही तरी खेळाडू डावीकडे चालत राहायचा. "काका, हे आपोआपच पळायलंय," म्हणाला. याला 'ड्रिफ्ट' म्हणतात हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मागचे चार स्क्रू काढले, आतलं बघितलं आणि जसंच्या तसं बंद करून पुढच्या खेपेला लातूरला मामांकडे घेऊन गेलो.

मामांचं गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. लहानपणी मी दर वेळी भलत्याच रस्त्यानं बाहेर पडायचो आणि परभणी आकाशवाणीच्या आवाजावर दुकान हुडकायचो. नव्वदीत टीव्हीला जोडायचे 'मीडिया', 'समुराई' असले गेम आले, तेव्हा त्यांचे रिमोटही मामांकडेच यायचे. बहुतेकांची वायर पिनेपाशी तुटलेली असायची, उरलेल्यांचं आतलं कार्बनचं रबर गेलेलं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण टेबल, भिंग आणि सोल्डरिंगचं आयर्न त्यांनी घरी आणून ठेवलंय.

त्यांनी पुतण्याचा रिमोट उघडला. दांडीखाली एक चौकोनी ठोकळा असतो आणि त्याच्या दोन अंगांना दोन छोट्या डब्या. त्या डब्यांकडे बघून ते लगेच म्हणाले, "अरे, हा तर व्हॉल्यूम कंट्रोल आहे. एकाच्या जागी दोन आहेत, एवढंच."

रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर येते, तिच्यात आणि खेळाडू आपोआप पळण्यात नातं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. डबीत घोड्याच्या नालाच्या आकाराची कार्बनची काळी पट्टी असते. तिच्या दोन टोकांना ठरावीक विद्युतदाब दिलेला असतो. वरून धातूची एक बारीक जीभ पट्टीवर घासत फिरते आणि ती जिथे टेकते तिथला दाब पुढे पाठवते. दांडी मधोमध उभी असली की दाब निम्मा. रिमोट त्याचा आकडा करून पाठवतो. ० ते २५५ अशी मोजणी असते, मध्य १२८ च्या आसपास. एक डबी आडव्या हालचालीची, एक उभ्या. पट्टी झिजली, तिचीच काळी धूळ जिभेखाली अडकली, की दांडी मधोमध असतानाही आकडा ११० येतो, ११५ येतो, थरथरतो. गेमला वाटतं, पोरानं दांडी डावीकडे ढकलली आहे.

मामांनी ब्लेडच्या टोकानं डबी उकलली आणि भिंग माझ्या हातात दिलं. काळ्या पट्टीवर जिभेच्या बोटांचे चरे पडले होते. टोकांकडे ते पुसट होते, मधल्या भागात खोल, कारण दांडी हजारदा कुठेही गेली तरी हजारदा परत मध्यावरच येते. जे ठिकाण सगळ्यात नेमकं असायला हवं, तेच सगळ्यात आधी झिजतं. अशा एका प्रचलित मॉड्यूलच्या बनवणाऱ्याच्याच कागदावर २० लाख फेऱ्यांचं आयुष्य लिहिलेलं आहे. आकडा मोठा वाटतो. पण दिवसाला चार तास खेळणाऱ्या पोराचा अंगठा मिनिटाला किती वेळा हलतो ते एकदा शेजारी बसून बघावं.

मामांच्या दुकानात व्हॉल्यूम कंट्रोल धुवायला 'सीटीसी'ची बाटली असायची, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. त्याचा गोडसर वास मला अजून आठवतो. ते यकृताला वाईट आणि ओझोनच्या थरालाही. माँट्रियल कराराप्रमाणे २०१० च्या सुरुवातीला आपल्याकडे त्याचा असला वापर बंद झाला. आता आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, सगळे त्याला आयपीए म्हणतात. त्या दिवशी मामांनी दुसऱ्या दांडीच्या डब्या आयपीएनं धुतल्या, खराब झालेली डबी एका भंगार रिमोटमधून काढून बसवली, आणि खेळाडू उभा राहिला.

मी जे केलं ते त्यानंतर. घरात गेमचं वेड होतं, ओळखीच्या पार्लरवाल्याकडे बंद पडलेल्या रिमोटचं खोकं होतं. त्यातले चार मी दोन हजाराला घेतले. सोल्डरिंग येत नव्हतं, म्हणून चारही आयपीएनं धुतले, फुंकले, दांड्या गोल गोल फिरवल्या. तीन नीट चालायला लागले. त्यातला एक सिडकोतल्या एका मुलाला 'रिपेअर केलेला' म्हणून बाराशेला विकला. नवव्या दिवशी तो दारात उभा. भांडायला आला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "काका, पहिले चार दिवस मस्त चाललं. आता परत पळायलंय. मीच काही केलं का?" म्हणाला.

त्यानं काहीच केलं नव्हतं. मी पैसे परत दिले, तो रिमोट ठेवून घेतला आणि बाकीचे दोन विकले नाहीत. मामांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, पण बराच वेळ बोललेही नाहीत. मग म्हणाले, "रेडिओ खरखरला तर माणूस बटण जरा इकडं-तिकडं करतो न् बातम्या ऐकतो. त्याचं काय जात नाही. तुझं गिऱ्हाईक म्हंजे लेकरू. पैसे साठवून आलेलं. धुतल्यानं धूळ जाते, झिजलेली पट्टी कुठून येणार? तू त्याला रिपेअर म्हणलास कसं?"

आणि मग त्यांच्या दुकानाची एक रीत त्यांनी सांगितली. ती मी लहानपणी शंभरदा बघितली होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. दुरुस्त झालेला सेट देताना ते काढलेला जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. जळालेला ट्रान्झिस्टर, फुगलेला कंडेन्सर, जे असेल ते. लोक ती पुडी बऱ्याचदा गोलाईतच फेकून द्यायचे. "फेकू दे की. सेटच्या आत काय झालं ते त्याला दिसत नसतं. पुडी हातात दिली की दिसतं."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिमोटबरोबर प्लास्टिकची एक छोटी पिशवी जाते. तिच्यात जुनं मॉड्यूल, जुनं रबर, जे काढलं ते. आणि एक चिठ्ठी : काय बदललं, काय नुसतं साफ केलं, काय हातच लावला नाही, बॅटरी मूळची की नवी. 'साफ केलं' आणि 'बदललं' हे दोन शब्द मी कधीही एकमेकांच्या जागी लिहीत नाही. या चिठ्ठीमुळे गिऱ्हाईक गेलं असंही झालंय. डाव्या दांडीखाली बोर्डावरची एक वाट तुटली होती, तिथे बारीक तार जोडली आहे, असं लिहिलं की लोक दुसरीकडे वळतात. वळू द्यावं. तो रिमोट नंतर कमी भावानं, तार दाखवून, गेला.

सोल्डरिंग शिकायला मला वर्ष लागलं. दांडीच्या मॉड्यूलला चौदा पाय असतात : दोन डब्यांचे तीन-तीन, दांडी दाबल्यावर वाजणाऱ्या बटणाचे चार, आणि बूड धरून ठेवणारे चार. हे चौदाच्या चौदा एकाच वेळी वितळलेले राहत नाहीत. एक सुटतो तोवर दुसरा धरतो. कारखान्यातलं कथील बिनशिशाचं असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. शिशाचं, ६३-३७ चं, १८३ ला. म्हणून आधी प्रत्येक पायावर शिशाचं थोडं कथील मारायचं, दोन्ही मिसळली की वितळणं सोपं होतं, मग पंपानं ओढून घ्यायचं. बूड धरणाऱ्या पायांना बोर्डावरचा तांब्याचा मोठा पत्रा जोडलेला असतो, तो सगळी उष्णता पिऊन घेतो. तिथे घाई केली की संपलं. पहिल्या वर्षी मी तिथेच घाई करायचो. पाय वितळला असं वाटून ओढलं की त्याच्याबरोबर बोर्डावरचं तांब्याचं बारीक कडंही निघून यायचं. असे सहा बोर्ड मी वाया घालवले, ते डब्यात ठेवलेत. आता ओढतच नाही. कटरनं मॉड्यूलचे तुकडे करतो, धड वेगळं होतं, मग चौदा पाय एक एक करून चिमट्यानं काढतो. जुनं मॉड्यूल तसंही जाणारच असतं, वाचवायचा असतो तो बोर्ड. पिशवीत मग मॉड्यूलचे तुकडे जातात, आणि तेच बरं, कारण उघड्या डबीतली काळी पट्टी मुलांना नीट दिसते. दोन-तीन मुलं ती पट्टी बघून भौतिकशास्त्राचे प्रश्न विचारत बसली आहेत.

मे महिन्यात हे काम सगळ्यात जास्त आणि नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. पंखा लावता येत नाही, वाऱ्यानं टोक थंड होतं आणि सोल्डरचा जोड निस्तेज, दाणेदार बसतो. खिडकी मात्र उघडी ठेवावीच लागते, कारण पेस्टचा धूर छातीत भरतो. अर्ध्या तासाला उठायचं, हात साबणानं धुवायचे, मगच पाण्याच्या तांब्याला हात लावायचा. शिसं हाताळल्यावर हात न धुता घरात फिरायचं नाही, लेकरांना जवळ घ्यायचं नाही, हा नियम बायकोनं केला आणि तो बरोबर आहे.

एक-दोन वर्षांत रिमोट हातात घेतला की खेळणारा ओळखू यायला लागला. डाव्या दांडीचं रबर खालच्या कडेला सोललेलं, एक्सचं बटण बसलेलं आणि आर-टूची स्प्रिंग थकलेली : हा फुटबॉलवाला, सतत पास आणि सतत धाव. डावी दांडी दाबल्यावर टकटक वाजत नाही, नुसती बुडते : हा बंदुकीच्या खेळांचा, पळण्यासाठी दांडी दाबून दाबून आतलं बटण गेलं. चार्जिंगची खाच एका बाजूला वाकलेली म्हणजे वायर लावूनच खेळायचा, आणि पलंग टीव्हीपासून लांब असणार. पार्लरचे रिमोट या सगळ्यांहून वेगळे. त्यांना एकाची सवय नसते, सगळ्यांची असते. दोन कवचांच्या सांध्यात मळाची काळी दोरी साठलेली, तिच्यात चिप्सचा मसाला, केस, कातडीची भुकटी. लाकडी टूथपिक आयपीएत बुडवून ती खेचून काढावी लागते. कवचं भांड्याच्या साबणात घासून सावलीत वाळवायची. पहिल्या उन्हाळ्यात गच्चीवर उन्हात ठेवलेल्या कवचांनी आकार सोडला होता, त्यानंतर सावलीतच.

ड्युअलशॉकमध्ये आणखी एक दुखणं आहे, ते लोकांना भलतंच वाटतं. बटणं आपोआप दाबली जातात, नाहीतर दाबून दाबून लागत नाहीत. बोर्ड गेला म्हणून लोक रिमोट टाकून देतात. बऱ्याचदा बोर्ड ठणठणीत असतो. बटणांच्या वाटा एका पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर छापलेल्या असतात आणि तिचं टोक बोर्डावर दाबून ठेवायला फोमचा एक इवलासा तुकडा असतो. तो फोम दबून सपाट झाला की स्पर्श सुटतो. तिथे नवा फोम घातला की रिमोट उठून बसतो. खर्च दोन रुपयांचा. अशी दुरुस्ती झाली की मी भाव कमी लावतो आणि चिठ्ठीवर 'फोम' एवढंच लिहितो.

सुटे भाग पूर्वी मी हैदराबादहून आणायचो. आमच्या भागाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं, निजामाच्या काळापासूनचं येणं-जाणं. कोठीतल्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिकचं सगळं मिळतं. मामा रेडिओच्या काळात तिथूनच माल भरायचे. आता बहुतेक भाग पार्सलनं येतात, पण वर्षातून एकदा मी जातो, कारण मॉड्यूल हातात घेऊन, मल्टिमीटर लावून बघता येतं. नवं मॉड्यूल बसवलं की मध्य जुळेलच असं नसतं. आधी मी चार-पाच मोजून त्यातलं जुळणारं निवडायचो. आता काही हौशी लोकांनी संगणकाच्या ब्राउझरवर चालणारं फुकट साधन केलंय. रिमोट वायरनं जोडायचा, दांडी चारही कोपऱ्यांत नेऊन सोडायची, आणि नवा मध्य रिमोटच्या आत लिहिला जातो. कुठल्या देशातल्या कुणी रात्री जागून हे केलं आणि लोकांना देऊन टाकलं. मी त्याचा रोज वापर करतो.

नकली माल हा वेगळाच विषय. बाजारात ड्युअलशॉक फोरच्या हुबेहूब नकला आहेत, खोक्यासकट. विकायला आलेल्या माणसाला बहुतेकदा ठाऊकही नसतं. २०१६ नंतरच्या अस्सल रिमोटला वरच्या टचपॅडमधूनही दिव्याची बारीक रेघ दिसते, तीही नकलेत येते. म्हणून उघडूनच बघावं लागतं. अस्सल बोर्डावर 'जेडीएम'नं सुरू होणारा क्रमांक असतो, ०११, ०३०, ०४०, ०५५ असा, आणि त्यावरून पिढी कळते. लोह्याच्या पुढे माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षात, तेव्हा आमची एसटी तासभर अडकते. तिथे जनावरांच्या बाजारात माणूस आधी बैलाचा ओठ उचलतो. दोनदाती, चारदाती, जुळलेला. माझ्या वहीत मी रिमोटच्या पिढ्यांपुढे हेच शब्द लिहितो. वडील शेतकरी, त्यांना वही वाचून दाखवली की लगेच समजते. नकलेपुढे काहीच लिहीत नाही, ती परत करतो. नकली रिमोट दुरुस्त करून विकणं मला जमणार नाही, 'नकली' असं सांगूनही नाही, कारण तिसऱ्या हाताला जाताना ते सांगणं गळून पडतं.

एक्सबॉक्सचे कमी येतात. त्यांना मधे भोक असलेला टी-एटचा टॉर्क्स लागतो आणि साध्या पेन्सिल सेलवर चालतात, म्हणून बॅटरीची कटकट नाही.

दांडीच्या झिजण्यावर उपाय नाही असं नाही. कार्बनच्या पट्टीऐवजी चुंबक आणि संवेदक लावला की काही घासतच नाही. हा हॉल परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला. १९९८ मध्ये आलेल्या सेगाच्या ड्रीमकास्टच्या दांडीत तो वापरलेलाही होता. आणि तरी त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं बहुतेक रिमोट घासणाऱ्या पट्टीवरच निघत राहिले. २०१९ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोच्या जॉय-कॉनच्या ड्रिफ्टवरून सामूहिक दावा झाला, २०२० च्या जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष फुरुकावा यांनी गिऱ्हाइकांची माफी मागितली. मला याचा मनापासून राग येतो. २०२१ मध्ये पीएस फाइव्ह भारतात आला तेव्हा त्याचा सुटा रिमोट ५,९९० रुपयांना होता. चाकूर-अहमदपूरकडच्या घरात एवढे पैसे म्हणजे सोयाबीनचं पोतं विकून आलेले पैसे. ते एखाद्या इवल्याशा काळ्या पट्टीवर झिजून जाऊ नयेत. हॉलची मॉड्यूल आता वेगळी विकत मिळतात, साध्याच्या तिप्पट किमतीला. मी ती बसवतो, पण गळ्यात मारत नाही. काहींमध्ये दांडी गोल फिरवली तर आकडे गोल न येता चौकोनाकडे झुकतात. तेही चिठ्ठीवर लिहितो.

गेल्या वर्षी ५८ रिमोट गेले. सुटे भाग, पार्सल, वाया गेलेले धरून एकामागे साडेतीनशेच्या आसपास सुटले. फुगलेल्या बॅटऱ्या कोरड्या वाळूच्या डब्यात साठवतो आणि पुण्याला जाणं झालं की ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो, त्याचा खर्चही यातच.

जूनमधली खरेदी मला अजूनही जड जाते. विकणारे एकदम येतात, भाव पाडता येतो, बरेच जण पाडतातही. मी वर्षभर एकच भाव ठेवतो. आणि एकट्या मुलाकडून घेत नाही, घरचं कुणीतरी सोबत लागतं. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये चाकूर तालुक्यातल्या एका गावचे गृहस्थ मुलाला घेऊन लातूरच्या घरी आले. मुलगा नुकताच दहावी झालेला, त्याच दिवशी होस्टेलवर गादी टाकून आलेला. लातूर पॅटर्नचं नाव घेऊन अशी हजारो लेकरं दर जूनमध्ये गावात उतरतात. वडील म्हणाले, "दोन वर्षं डोळ्यासमोर नको, भाऊ. घेऊन टाका तुम्ही." मुलानं पिशवीतून रिमोट काढला. चार्जिंगची वायर व्यवस्थित गुंडाळून रबर लावलेलं. डाव्या दांडीचं रबर सोलून गेलं होतं, तर त्यानं सायकलच्या ट्यूबचं कडं कापून तिथे बसवलं होतं. इतकं नेमकं कापलेलं की मी भिंगाखाली धरून बघितलं.

सातशे रुपये मी वडिलांच्या हातात दिले. मुलगा उंबऱ्यापाशी थांबला. "काका, हे कुणाला विकणार?"

"माहीत नाही अजून."

"दोन वर्षांनी मला परत मिळंल का? मी पैसे देतो."

वडील हसले आणि म्हणाले, "डॉक्टर झाल्यावर रिमोट कशाला लागतोय रे तुला?" पण त्यांनी त्याला ओढून नेलं नाही, माझ्या उत्तराची वाट बघत दोघंही थांबले. मी हो म्हणालो.

तो रिमोट विकायच्या खोक्यात गेला नाही. दांडीचं आतलं बटण गेलं होतं, म्हणून मॉड्यूल बदललं, तुकडे पिशवीत घातले, चिठ्ठी लिहिली. ट्यूबचं कडं काढलं आणि नव्या दांडीवर तेच परत चढवलं. गेल्या वर्षी मे गेला, फोन आला नाही. जूनच्या शेवटी आला. "काका, मार्क कमी पडले. रिपीट करायलोय. अजून एक वर्ष ठेवता का?"

लिथियमची बॅटरी पूर्ण भरून ठेवली तर खराब होते आणि पूर्ण उतरू दिली तरी मरते. म्हणून दर तीन महिन्यांनी मी तो कपाटातून काढतो, अर्ध्यापर्यंत भरतो, दोन्ही दांड्यांचे आकडे बघतो आणि वहीत तारीख टाकतो. मागच्या रविवारी भरला. डावी १२७, १२९. ट्यूबचं कडं उन्हाळ्यानं थोडं चिकट झालं होतं, त्याला पावडर लावून परत कापडात गुंडाळून ठेवला.